थांब, पुढं येतंय ते

आमच्या विभागप्रमुखांच्या निरोप समारंभात सत्काराला उत्तर द्यायची वेळ आली, तेव्हा सर जागचे हललेच नाहीत. पहिल्या रांगेत सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांनी बोटानं नुसती खूण केली. दिवे मालवले गेले, पडद्यावर सर आले आणि पडद्यावरच्या सरांनी आम्हा सगळ्यांचे आभार मानायला सुरुवात केली. अंगात कोट, मागे बर्फाचा हिमालय. सोफ्यावरचे सर तन्मय होऊन ऐकत होते. एका ठिकाणी पडद्यावरच्या सरांचा गळा दाटून आला, तसा सोफ्यावरच्या सरांनी खिशातून रुमाल काढला. भाषण संपल्यावर सगळ्यात आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या. शेजारी बसलेल्या अध्यक्षांनी म्हटलं, की दोन शब्द प्रत्यक्षही बोला. सर म्हणाले, "यात सगळं आलंय. आता परत बोललो तर एखादा शब्द इकडचा तिकडं व्हायचा."

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली. मी त्यांच्या हाताखाली भूगोल विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे मला ती गंमत वाटली नाही. नोकरी म्हणजे तासिका तत्त्वावरची. तास घेतला तर मी प्राध्यापक, नाही घेतला तर मी कुणीच नाही. असा माणूस विभागप्रमुखांसमोर गप्प बसतो आणि घरी आल्यावर भांडी आपटतो. आता सर निवृत्त झालेत. आता भांडी आपटायची गरज उरलेली नाही.

थोर माणसांविषयी लिहिताना ते मुळात वाईट नव्हते असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. सर मुळातच वाईट शिक्षक होते. मी याच कॉलेजची विद्यार्थिनी, त्यामुळे मला त्यांचे खडू-फळ्याचे दिवसही ठाऊक आहेत. ते फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. फळ्यावर काढलेल्या त्यांच्या भारताच्या नकाशात श्रीलंका कायम राहून जायची. पोरं मागच्या दारानं एकेक करून निसटायची आणि तास संपेपर्यंत पहिला बेंच तेवढा उरायचा, तोही पेंगत. सर वळायचे, रिकामा वर्ग बघायचे आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं हजेरी घ्यायचे.

मग टाळेबंदी आली आणि सगळ्यांनाच मोबाइलवर शिकवायची पाळी आली. आम्ही बाकीचे जेरीस आलो. समोर चेहरा नाही, कुणाला कळलं, कुणाला नाही याचा पत्ता नाही, नुसतं भिंतीशी बोलल्यासारखं. सर मात्र खुलले. उभ्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांच्या तासाला कुणी उठून गेलेलं दिसत नव्हतं. पोरं हजेरी लावून आंघोळीला जायची, गुरांना पाणी पाजून यायची, आणि पडद्यावर त्यांच्या नावाचे चौकोन जागच्या जागी शिस्तीत बसलेले असायचे. असा वर्ग सरांनी जन्मात बघितला नव्हता. कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा आम्ही सगळे सुटकेचा निःश्वास टाकून फळ्याकडे धावलो. सर काही परतले नाहीत.

"मी आता वर्गाला शिकवत नाही मॅडम," ते मला म्हणायचे, "मी जगाला शिकवतो." जग म्हणजे त्यांचे दोन मेहुणे आणि नाइलाजानं आमचे विद्यार्थी.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी, गोदावरीच्या काठावर आहे. काठावर म्हणजे अगदी काठावर. भूगोलाची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर आहे आणि तिच्या खिडक्यांतून नदीचं एक पूर्ण वळण दिसतं. अलीकडे वाळूचा पट्टा, पलीकडे ढासळत चाललेली काळी दरड. अशा खिडक्या मिळाव्यात म्हणून भूगोलाच्या दुसऱ्या एखाद्या मास्तरानं नवस बोलला असता. सरांनी त्या खिडक्यांना नकाशांच्या खोक्यांचे पुठ्ठे ठोकून घेतले. नदीवरचा उजेड कॅमेऱ्यात घुसतो आणि चेहरा काळा येतो, अशी त्यांची तक्रार होती. त्या अंधाऱ्या खोलीत उभं राहून त्यांनी नद्यांवर व्हिडिओंची मालिका केली. त्यात ॲमेझॉन होती, नाईल होती. खिडकीखालची नदी नव्हती. मी एकदा तसं सुचवलं तर म्हणाले, तिथं जायचं म्हणजे वाळूत बूट खराब होतात.

त्यांच्या पहिल्या व्हिडिओची गोष्ट तर साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. मागे लावायला त्यांनी बाजारातून हिरवं कापड आणलं. त्या हिरव्यावर कॉम्प्युटर पाहिजे ते चित्र उभं करतो, एवढं ते शिकले होते. पहिल्याच दिवशी ते पोपटी शर्ट घालून उभे राहिले. कॉम्प्युटरनं शर्टालाही कापडच समजलं आणि त्यावरही हिमालय पसरला. सरांचं नुसतं मुंडकं आणि दोन हात बर्फावर तरंगत मान्सून वाऱ्यांविषयी बोलत राहिले. पोरांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला, पाव्हण्यांना दाखवला, परभणीपर्यंत पोचवला. इतके लोक मान्सूनविषयी उत्सुक आहेत याचं सरांना फार समाधान वाटलं.

तर असे हे सर, आणि कॉलेजपुढं प्रश्न आला तो असा, की यापुढं काही शिकवणं मोबाइलवर घ्यायचं तर किती घ्यायचं. एक मत असं, की तीन दिवस वर्गात आणि तीन दिवस मोबाइलवर. याला कागदोपत्री मिश्र पद्धत म्हणायचे. दुसरं मत असं, की ज्या विषयांना जमेल ते विषय सरळ पूर्णपणे ऑनलाइन करून टाकायचे. दुसरं मत सरांचं होतं. "मिश्र म्हणजे दुधात पाणी," असं ते बैठकीत म्हणाले. यातलं दूध कोणतं हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी तासिका तत्त्वावर होते.

संस्थेनं सरांवरच सोपवलं, की तुम्हीच तुलना करून दाखवा. झालं. सरांच्या अंगात शास्त्रज्ञ संचारला. पहिल्या वर्षाच्या भूगोलाचा वर्ग त्यांनी हजेरी क्रमांकावरून दोन भागांत चिरला. सम क्रमांकवाले पूर्ण ऑनलाइन, त्यांनी कॉलेजात पाऊल ठेवायचं नाही. विषम क्रमांकवाले मिश्र. वर्षभर दोन्ही गटांच्या सारख्याच चाचण्या घ्यायच्या आणि कोण पुढं जातं ते बघायचं. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच त्यावरच्या निबंधाचा शेवटचा परिच्छेद लिहून तयार होता. तो त्यांनी मला वाचून दाखवला. त्यात ऑनलाइन गट जिंकला होता.

मिश्र गटाचं वर्गातलं शिकणं कसं चालायचं तेही सांगते. पोरं एसटीत धक्के खात यायची, जिना चढून त्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत बसायची, आणि सर पडद्यावर आपला व्हिडिओ लावायचे. स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि स्वतःचं ऐकत मान डोलवायचे. मध्येच कुणी हात वर केला, की त्याच्याकडे न बघता बोट पडद्याकडे. "थांब, पुढं येतंय ते." बहुतेक वेळा पुढं काही येत नसे. एकदा मध्येच वीज गेली. एका पोरानं भाबडेपणानं म्हटलं, "सर, राहिलेलं तुमीच सांगा की." त्यानं काही वावगं बोलावं तसं सरांनी त्याच्याकडे बघितलं. "मी सांगितलेलं आहे," ते म्हणाले, "लाइट आली की कळेल."

मिश्र गटाची प्रात्यक्षिकं तेवढी माझ्याकडे होती, कारण त्यात उन्हात उभं राहावं लागायचं. मी पोरांना टेप, खांब आणि नकाशा काढायचं फळीचं टेबल घेऊन नदीवर न्यायची. काठ मोजायला लावायची, वळण कागदावर उतरवायला लावायची. पोरं चुकायची, भांडायची, परत मोजायची. ऑनलाइन गटाला हीच मोजणी सरांनी व्हिडिओत दाखवली होती. टेबलावर पट्टी ठेवून.

ऑनलाइन शिकणं वाईटच असतं असं मला म्हणायचं नाही, हेही सांगून टाकते. मिश्र गटात एक नसरीन होती. माहेर इथलं, बारावी झाली तेव्हा कुमारिका, नंतर पिंगळीला दिलेली, आणि दोन वर्षांनी कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा काखेत तान्हं लेकरू. ती सासूच्या हातापाया पडून, लेकराला तिच्याजवळ ठेवून, परभणीवरून गाडी बदलून यायची, आणि वर्गात बसून जो व्हिडिओ बघायची तो तिला घरी पाळणा हलवताना बघता आला असता. तिच्यासाठी ऑनलाइन म्हणजे नुसती सोय नव्हती, शिक्षण सुटणं आणि टिकणं यांतला फरक होता. तिचा क्रमांक विषम होता, बिचारीचा.

आणि सम क्रमांकात होती शिवलीला.

राणीसावरगावच्या एका लिंगायत किराणा दुकानदाराची ही मुलगी. वडिलांना सगळं गाव आप्पा म्हणतं. कपाळावर विभूती, बोलणं हळू, आणि शिकलेल्या माणसाविषयी इतका आदर की बघणाऱ्याला संकोच वाटावा. शिवलीला बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली. तिला तलाठी व्हायचं होतं, आणि त्यासाठी पदवी पाहिजे, कॉलेजच्या अभ्यासिकेत बसायला पाहिजे, बरोबरीच्या पोरींबरोबर परीक्षेची तयारी करायला पाहिजे, हे तिला पक्कं माहीत होतं. आप्पांनी मोठ्या मनानं प्रवेश घेऊ दिला होता. एसटीचा पासही काढायचा ठरला होता. मग सरांनी जाहीर केलं, की सम क्रमांकवाल्यांनी यायचं नाही. बाकीच्या विषयांच्या मास्तरांनाही सरांची कल्पना पटली. तेवढेच तास कमी. पोरगी घरीच राहिली.

एके दिवशी आप्पा दुकानाचा माल भरायला तालुक्याला आले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर आली आणि मला शोधत विभागात आली. घरी काय चाललंय ते तिनं सांगितलं. पोरगी घरातच आहे म्हटल्यावर आईला तिचं शिक्षण दिसेनासं झालं होतं. तव्यावर भाकरी टाकायची, हजेरीचा अंगठा दाबायचा, भाकरी उलटायची. दुपारी आप्पा जेवायला आले की गल्ल्यावर बसायचं. वर आत्यानं स्थळ आणलं होतं, अहमदपूरकडचं. मुलाकडच्यांना शिकणारी सून चालणार होती, कारण ती आता कुठूनही शिकू शकत होती.

"मॅडम, माझा नंबर बदला," ती म्हणाली. "नसरीनला घरी बसायचंय आन मला यायचंय. आमी दोघी बी तयार हाव. कुणाचंच काई जायलं न्हाई."

इतकी साधी गोष्ट होती. मी तिला घेऊन सरांकडे गेले. सर तेव्हा स्वतःचा आवाज कानाला लावून ऐकत होते. त्यांनी एका कानातलं काढलं, माझं म्हणणं ऐकलं आणि मान हलवली. "प्रयोग बिघडेल," ते म्हणाले. मी म्हटलं, सर, दोघींच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही.

"शास्त्रात माणूस बघायचा नसतो मॅडम. क्रमांक बघायचा असतो."

ज्या माणसाला फळ्यावर श्रीलंका आठवत नव्हती तो मला शास्त्र शिकवत होता. मी शिवलीलाला जिन्यापर्यंत सोडायला गेले. मला संतापानं रडू येत होतं.

पहिली चाचणी झाली. मोबाइलवर प्रश्न, खाली चार पर्याय, बरोबर त्यावर टिचकी मारायची. ऑनलाइन गटात बहुतेकांनी ती घरात गोतावळा जमवून सोडवली. कुणाचा भाऊ, कुणाची वहिनी, चुडाव्याच्या एकाचे तर मोबाइल दुकानातले सगळे गिऱ्हाईक. शिवलीलानं एकटीनं सोडवली आणि सगळ्यांत पहिली आली.

सरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी थेट आप्पांच्या दुकानात फोन लावला आणि आवाज मोठा ठेवायला सांगितला. तुमची मुलगी एकही दिवस कॉलेजात न येता पहिली आलीय, असं त्यांनी तेलाचे डबे न्यायला आलेल्या माणसांसमोर ऐकवलं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गावात पेढे वाटले. त्यांच्या दृष्टीनं प्रश्नच मिटला होता. घरी बसून पोरगी पहिली येते म्हटल्यावर कॉलेजला जायचं कशाला? अहमदपूरचे पाहुणेही खूश झाले. बघायचा कार्यक्रम ठरला. पोरगी जितका चांगला अभ्यास करील तितकं घराचं दार घट्ट बंद होईल, अशी सरांनी नकळत तजवीज करून ठेवली होती.

दुसऱ्या चाचणीच्या आदल्या दिवशी शिवलीलाचा मला फोन आला. ती दुकानाच्या मागच्या खोलीतून हळू आवाजात बोलत होती. उद्याच्या पेपरात मी नापास होणार आहे, असं तिनं सांगितलं. मी दचकले. मी तिला म्हटलं, की असं करू नकोस, आप्पा शिक्षणच बंद करतील.

"मंग बी घरीच आन आता बी घरीच," ती म्हणाली. "फरक काय राहायलाय मॅडम?"

मग तिनं एवढंच विचारलं, की हे मार्क नंतर पुसता येतात का. मी खरं ते सांगितलं, की अंतर्गत मार्क आहेत, गुणपत्रिकेत मिळवले जातात. ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला शून्य मिळालं. थोडे नाही, काठावर नाही, शून्य. माझ्या तोंडून शाबास निघून गेलं, पण सुदैवानं विभागात कुणी नव्हतं. चार पर्यायांत डोळे मिटून टिचक्या मारणाऱ्यालाही चारदोन मार्क मिळून जातात. सगळीच्या सगळी उत्तरं चुकवायची तर सगळी उत्तरं यावी लागतात. ज्याला आपल्या विद्यार्थ्यांकडे बघायची सवय आहे अशा कुठल्याही मास्तराला हे आकडा बघताक्षणी कळलं असतं. सरांना आकडाच दिसला.

आणि तो बघून त्यांची झोप उडाली. निबंधात फोटोसकट झळकणारी त्यांची हिरकणी कोसळली होती. शिवाय नेटवर्क गेल्यामुळं आणखी काही सम क्रमांकवाले खरोखरच बुडाले होते, आणि मिश्र गट सरासरीनं पुढं निघून गेला होता. तिसऱ्या दिवशी सर प्रसन्न चेहऱ्यानं आले आणि मला म्हणाले, की गटांची थोडी शुद्धी करावी लागेल. ज्यांना ऑनलाइन झेपत नाही ते मुळात मिश्र गटाचेच विद्यार्थी होत. त्यांना तिकडे घालायचं. आणि मिश्र गटातले जे हुशार आहेत ते मनानं ऑनलाइनचेच; त्यांना इकडे आणायचं. शिवलीला तिकडे गेली. नसरीन मिश्र गटात चांगल्या मार्कांनी पास झाली होती, ती इकडे आली. शिवलीलानं दोघींसाठी जे मागितलं होतं, तेच.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, मी म्हटलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात प्रयोग बिघडेल."

"तेव्हा निकाल कुठं होता, मॅडम?" सर म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. मी नीट निरखून बघितलं. लबाड माणसाविषयी निदान थोडा दरारा तरी वाटतो. इथं तेवढंही नव्हतं.

आप्पांना कॉलेजात बोलावलं. ते आले, दारातच हात जोडून लिंगायत रीतीनं शरणार्थ म्हणाले आणि खुर्ची दिली तरी कडेला टेकले. मागे शिवलीला मान खाली घालून उभी. तिचे हात मला दिसत होते. ओढणीचं टोक तिनं इतकं आवळून धरलं होतं, की बोटं पांढरी पडली होती. सर एक शब्द चुकीचा बोलले असते तर तिचं शिक्षण त्या खोलीतच संपलं असतं. पोरगी कच्ची आहे, सोडून द्या, एवढं म्हटलं तरी पुरे होतं. पण सरांना मिश्र गटात नापास होणारं कुणीतरी हवं होतं, त्यामुळे ते तिला सोडणार नव्हते. त्यांनी आप्पांना सांगितलं, की पोरगी कच्ची आहे, घरी बसून हिला कळत नाही, हिला समोर बसवून शिकवावं लागेल, तीन वर्षं हजेरी सक्तीची.

आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "सर, गावानं पेढे खाल्लेत. आता अशीच सोडली तर मला तोंड दाखवता येणार न्हाई. तुमी म्हणाल तसं. पाव्हण्यायला कळवतो, पदवी हुईस्तोर न्हाई म्हणून."

शिवलीलानं ओढणी सोडली. दुसऱ्या सोमवारपासून ती पहिल्या एसटीनं येऊ लागली.

सरांचा निबंध परभणीच्या एका चर्चासत्रात वाचला गेला. सभागृह भरावं म्हणून मिश्र गटाला गाडीत घालून नेलं होतं. ऑनलाइन गट घरून बघत होता. सरांनी पडद्यावर आलेखाचे दोन खांब दाखवले, ऑनलाइनचा उंच आणि मिश्रचा बुटका. मग उदाहरण म्हणून शिवलीलाला उभं केलं. ही बघा, म्हणाले, प्रामाणिक मुलगी, पण ऑनलाइनला झेपली नाही. सगळं सभागृह वळून तिच्याकडे बघत होतं. बाईमाणसाला भरल्या सभेत असं उभं करतात, याची मला लाज वाटली.

"हो सर," ती म्हणाली, "मला घरी बसून न्हाई झेपलं."

टाळ्या सरांना मिळाल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. परतताना गाडीत ते मला म्हणाले, पोरगी गुणी आहे, फक्त डोकं कमी.

ते शून्य शेवटपर्यंत तिच्या गुणपत्रिकेत राहिलं. पहिल्या वर्षी बाकी सगळे विषय चांगले आणि भूगोल तेवढा काठावर. ज्या विषयात तिचा हात कुणी धरला नसता, त्यातच. नसरीन घरून शिकून चांगल्या मार्कांनी पुढं गेली, आणि तिचं मला मनापासून बरं वाटतं. शिवलीला आता तिसऱ्या वर्षाला आहे, आप्पा अजून पाहुण्यांना थांबवून आहेत, आणि अभ्यासिकेत तिची खिडकीजवळची जागा ठरलेली आहे.

खिडकीवरून आठवलं. सर निवृत्त व्हायच्या थोडं आधीची गोष्ट आहे. मी प्रात्यक्षिकासाठी टेप आणि खांब काढायला प्रयोगशाळेत गेले होते. आत अंधार, पडद्यावर सर, शेजारी खुर्चीवर सर. विषय नदीची वळणं. ॲमेझॉन चालली होती. पहिल्या बेंचवरून शिवलीलाचा हात वर गेला.

"सर, आपल्या नदीला अलीकडं वाळू साचायलीय आन पलीकडचा काठ ढासळायलाय. ते कामून?"

सरांनी बोट पडद्याकडे केलं. "थांब, पुढं येतंय ते."

"न्हाई येत सर," ती शांतपणे म्हणाली. "हा व्हिडिओ मी घरी बसून शेवटपर्यंत बघितलाय. पहिल्या वर्षाला."

सरांनी हात लांबवला आणि व्हिडिओ थांबवला. इतक्या वर्षांत मी त्यांना तो मध्येच थांबवताना पहिल्यांदा बघत होते. ते उठून उभे राहिले. पडद्यावर तोंड उघडं राहिलेले सर, समोर तोंड बंद असलेले सर. समोरासमोर विचारलेल्या प्रश्नाला समोरासमोर उत्तर द्यायचं असतं, ही रीतच ते विसरून गेले होते. त्यांनी घसा साफ केला.

"ग्रुपवर टाक प्रश्न," ते म्हणाले. "बघतो मी."

"मी इथंच हाय की सर."

सरांनी खाली वाकून व्हिडिओ पुन्हा सुरू केला आणि पडद्यावरचे सर जिथं थांबले होते तिथून पुढं बोलू लागले. शिवलीला उठली. खिडकीपाशी गेली, पुठ्ठ्याच्या कडेत बोटं घातली आणि ओढला. खिळे जुने होते, एका झटक्यात निघाले. नदीवरचं दुपारचं ऊन थेट आत आलं आणि पडदा पांढरा झाला. ॲमेझॉन गेली, हिमालय गेला, सर गेले. नुसता आवाज चालू राहिला. तिनं दुसरा पुठ्ठा काढला. मग मागच्या बेंचवरची दोन पोरं उठली आणि तिसऱ्या खिडकीशी गेली.

"ए, खिडकी लाव ती," सर ओरडले, "काईच दिसायलं न्हाई."

तोवर सगळा वर्ग खिडक्यांशी उभा होता. पलीकडच्या दरडीचा एक तुकडा सुटून पाण्यात पडला, आणि शिवलीलानं माझ्याकडे वळून टेप मागितली.